दुकानाचा टेम्पो : आधी ओझे, मग इंजिन

दिवाळीचा पाडवा जवळ आला की अनेक पेढ्यांवर नव्या वह्यांबरोबर नव्या गाडीचाही विषय निघतो. भाड्याच्या टेम्पोला वर्षभरात किती रक्कम गेली, हे वहीत स्वच्छ दिसते आणि ‘एवढ्यात तर स्वतःची गाडी आली असती’ हे वाक्य घरातील कोणीतरी उच्चारतेच. त्यानंतर चर्चा थेट इंजिनावर जाते. वडील म्हणतात डिझेल, मुलगा म्हणतो सीएनजी, आणि पुण्याहून आलेला पुतण्या विजेच्या गाडीचे गुणगान करतो. गाडीवर रोज किती वजन चढणार, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

सांगलीतील एक घर उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणावे. मार्केट यार्डात साखर, तेल, तांदूळ यांचा घाऊक व्यापार; शहरात आणि मिरजेत रोजचा पुरवठा; आठवड्यातून दोन दिवस कवठेमहांकाळच्या बाजूला फेरी. घरातील वडीलधारे, ज्यांना सर्व जण अण्णा म्हणतात, त्यांचा डिझेलवर विश्वास. “डिझेलचं इंजिन ओझ्याला मागं हटत नाही,” हा त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव. तो खोटा नाही. परंतु तो ज्या इंजिनांचा आहे, ती इंजिने आता बाजारात मिळत नाहीत.

२००५ साली टाटा एस आली आणि लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. दोन सिलिंडरचे, सुमारे सातशे सीसीचे साधे डिझेल इंजिन, पाऊण टनाची क्षमता आणि गल्लीबोळात वळणारा बांधा. तीनचाकी टेम्पो आणि मोठा ट्रक यांच्यामधली मोकळी जागा तिने भरून काढली. त्या इंजिनाची दुरुस्ती गावातील कोणताही मिस्त्री करू शकत असे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेल इंजिनाचे स्वरूपच पालटले. त्याच सुमारास मारुतीने डिझेल इंजिने पूर्णपणे बंद केली. त्यांच्या सुपर कॅरी या छोट्या मालवाहू गाडीचे डिझेल रूपही त्यात गेले.

बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराच्या मार्गात बहुधा काजळी अडवणारी गाळणी असते. तिला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी ही गाळणी अधूनमधून स्वतःच जाळते. परंतु त्यासाठी धुराचे तापमान सुमारे सहाशे अंशांपर्यंत चढावे लागते आणि गाडी काही काळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. दुकानाची गाडी मात्र दोन किलोमीटर जाते, थांबते, माल उतरतो, पुन्हा सुरू होते. इंजिन पुरते तापतच नाही. काजळी साचत राहते, दिवा लागतो, चालक दुर्लक्ष करतो, आणि एक दिवस गाडीची ताकद एकाएकी कमी होते. मग स्कॅनर असलेल्या कार्यशाळेत जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. याचा अर्थ डिझेल वाईट असा नव्हे. दिवसाला शंभर-दीडशे किलोमीटर महामार्गावर धावणाऱ्या किंवा आंबा घाटातून कोकणात माल नेणाऱ्या गाडीसाठी आजही डिझेलच योग्य. गल्लीतील फेऱ्यांसाठी ते घेणे म्हणजे गाडीला तिच्या स्वभावाविरुद्ध राबवणे होय.

आता वजनाकडे. गाडीच्या आरसीवर दोन वजने नोंदलेली असतात : रिकाम्या गाडीचे आणि कमाल भरलेल्या गाडीचे. या दोहोंतील अंतर म्हणजे गाडीचा कायदेशीर भार, आणि त्या अंतरातच चालक व हमाल यांचेही वजन मोडते. सुपर कॅरीचेच उदाहरण घ्यावे. कंपनीने तिच्या पेट्रोल रूपाची क्षमता ७४० किलो आणि सीएनजी रूपाची ६२५ किलो सांगितली आहे. गाडी तीच, हौदा तोच. ११५ किलोंचा फरक मुख्यतः गॅसच्या टाक्यांमुळे पडतो. चालक आणि हमाल यांचे मिळून १३० किलो धरले, तर सीएनजी गाडीत मालासाठी ४९५ किलो उरतात. म्हणजे पन्नास किलोंची साखरेची नऊ पोती आणि वर पंधरा किलोंचे तेलाचे तीन डबे. जवळपास अर्धा टन! विकणारा जी गाडी पाऊण टनाची म्हणून दाखवतो, तीही हिशेबाअंती कधी कधी अशी अर्ध्या टनाची निघते.

(अमेरिकेतील नातेवाइकांच्या तोंडी ‘हाफ-टन’ पिकअप हा शब्द असतो. फोर्डची एफ-१५०, शेव्हरलेची सिल्व्हराडो १५०० या त्या वर्गातल्या. तिथे हे नाव जुन्या काळापासून चिकटून राहिले आहे. त्या गाड्या आज अर्ध्या टनापेक्षा पुष्कळ अधिक वाहतात. आपल्याकडे उलट होते : नाव मोठे, हिशेब लहान, आणि भरलेला माल दोहोंपेक्षा जास्त.)

साडेसातशे किलोंच्या गाडीत बाराशे किलो भरणे आपल्या बाजारपेठांत इतके रुळले आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाला वाटत नाही. मिस्त्री मागे एक जादा पाटा टाकून देतो आणि गाडी बसायची थांबते. पाटा वाढला, पण ब्रेक तेवढेच राहिले. टायर, चाकांचे बेअरिंग, क्लच, चेसिस यांतील काहीच वाढले नाही. मागे ओझे जास्त झाले की पुढची चाके हलकी होतात आणि वळणावर स्टिअरिंगची पकड सुटू लागते. उतारावर ब्रेक तापतात आणि गाडी थांबायला नेहमीपेक्षा बरेच अधिक अंतर लागते. ‘गाडी टिकाऊ नाही’ अशी तक्रार ज्या गाड्यांविषयी ऐकू येते, त्यांतील कित्येकांचा खरा रोग हाच असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे जादा भारासाठी वीस हजार रुपये, शिवाय प्रत्येक जादा टनामागे दोन हजार रुपये दंड आहे. जादा माल उतरवण्याचा खर्चही मालकाकडेच येतो. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यात जादा वजनाचा मुद्दा निघतो, तो वेगळाच.

जैन घरांना या विषयात कायद्याहूनही जुना आधार आहे. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘अतिभारारोपण’ हा एक आहे. बैलावर, घोड्यावर किंवा माणसावर त्याच्या शक्तीपलीकडे ओझे लादणे, हा त्याचा अर्थ पाठशाळेतील मुलांनाही ठाऊक असतो. बैल गेले, लोखंडाला वेदना होत नाहीत, म्हणून हा अतिचारही गेला असे मानणे सोयीचे आहे. परंतु बाराशे किलो घेऊन उतारावर निघालेल्या गाडीत पुढे एक चालक बसलेला असतो, शेजारी हमाल असतो, आणि रस्त्यावर इतरही जीव असतात. त्याच सूत्रातील शेवटचा अतिचार ‘अन्नपाननिरोध’. सकाळी आठला निघालेल्या चालकाला दुपारी तीनपर्यंत ‘एवढी एक फेरी आटोप’ असे सांगणाऱ्या पेढीने तोही आठवून पाहावा. सीएनजीच्या रांगेत गेलेला तास चालकाच्या जेवणातून वजा करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे.

सीएनजीचे गणित रांगेसकट मांडले पाहिजे. प्रतिकिलोमीटर इंधनखर्च कमी, इंजिन शांत, धूर कमी, आणि थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्यांना हे इंजिन कुरकुरत नाही. उणे बाजूला टाक्यांचे वजन, चढावर किंचित कमी पडणारी ताकद, आणि पंपावर जाणारा वेळ. दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करावी लागते. जुनी गाडी घेताना त्या चाचणीची तारीख न पाहता पैसे देऊ नयेत. बाहेर बसवून घेतलेल्या किटची नोंद आरसीवर असलीच पाहिजे.

विजेच्या गाडीविषयी आपल्या घरांत एक तर अतिउत्साह असतो किंवा संपूर्ण अविश्वास. २०२२ मध्ये आलेल्या टाटा एस ईव्हीची क्षमता ६०० किलो, बॅटरी २१.३ किलोवॅट-तासांची आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटरचा. भरलेल्या गाडीने, थांबत थांबत, उन्हाळ्यात तो पल्ला गाठण्याची अपेक्षा धरू नये. पण रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरून संध्याकाळी स्वतःच्याच गोदामात परतणाऱ्या गाडीला एवढे पुरते. गोदामात जोडणी आहे का, मंजूर भार पुरेसा आहे का, आणि जवळचे दुरुस्ती केंद्र किती लांब आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली नसतील तर वर्षभर थांबावे.

पैशांचा हिशेब अवघड नाही, मात्र तो स्वतःच्या आकड्यांनी करावा. समजा, दोन इंजिनांच्या किमतीत ऐंशी हजारांचा फरक आहे आणि महागडी गाडी किलोमीटरमागे सव्वा रुपया वाचवते. रोज साठ किलोमीटर, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे अठरा हजार किलोमीटर आणि साडेबावीस हजारांची बचत. फरक भरून यायला साडेतीन वर्षे. रोजचे अंतर एकशेवीस असेल तर पावणेदोन-दोन वर्षांत काम होते. कर्जाचे व्याज यात धरलेले नाही; ते धरले की उत्तर आणखी लांबते.

कराची बाजूही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. मोटारगाडीप्रमाणे मालवाहू गाडीच्या करपरताव्यावर बंदी नाही. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला तो मिळतो. मात्र कराच्या रकमेवर घसारा घेतल्यास परतावा मिळत नाही, कंपोझिशन योजनेत असणाऱ्यांना तो मुळीच नाही, आणि करमुक्त मालाचा व्यापारही असेल तर त्या प्रमाणात कपात होते. गाडी नोंदवण्यापूर्वी, म्हणजे बिल पेढीच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह निघण्यापूर्वी, सीएंना विचारावे. नंतर विचारल्यास उपयोग कमी.

तीन हजार किलोंपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परवाना लागत नाही. फिटनेसचे पासिंग मात्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी लागते. चालकाच्या परवान्याविषयीचा जुना घोळ सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने मिटला आहे : हलक्या वाहनाचा परवाना असलेला चालक साडेसात हजार किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवू शकतो.

सांगलीच्या त्या घरात प्रश्न सोडवला तो सूनबाईंनी. हिशेब त्याच पाहतात. त्यांनी मागच्या तीस दिवसांची बिले काढली, प्रत्येक फेरीचे वजन आणि अंतर एका वहीत उतरवले आणि ती अण्णांपुढे ठेवली. शहर-मिरजेच्या फेऱ्या चारशे ते साडेचारशे किलोंच्या, दिवसाला पंचेचाळीस ते पन्नास किलोमीटर. कवठेमहांकाळची फेरी मात्र अकराशे किलोंची, जाऊन-येऊन शंभराच्या आसपास.

“मग मोठी पिकअपच घेऊ. रोजचंही होईल आणि त्या बाजूचंही,” मुलगा म्हणाला.

“आठवड्याचे चार दिवस अर्धी रिकामी फिरेल. तिचा हप्ता, विमा आणि इंधन मात्र सहाही दिवस पूर्ण भरायचं,” सूनबाई म्हणाल्या.

अण्णांनी वही दोनदा वाचली. रोजच्या फेऱ्यांसाठी छोटी सीएनजी गाडी घ्यावी आणि कवठेमहांकाळसाठी दीड टनाची पिकअप पूर्वीप्रमाणे भाड्याने लावावी, असे ठरले. सीएनजी पहाटे, दुकान उघडण्यापूर्वी भरायचा. चालकाने सुचवलेला जादा पाटा टाकायचा नाही, हेही त्याच बैठकीत ठरले. नऊ पोत्यांच्या वर माल निघाला तर दुसरी फेरी.

गाडी ताब्यात घेताना चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक कागदांशी पडताळून पाहावेत, जादा चाक व जॅक आहेत याची खात्री करावी, कर्ज असल्यास बोजाची नोंद बरोबर आहे का ते तपासावे. पहिल्या दिवशी नेहमीचा माल भरून, चालक-हमालांसह, गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि त्या काट्याची पावती आरसीच्या प्रतीबरोबर गाडीतच ठेवावी.