भिंतीतल्या कपाटाची ओल

श्रावणात बाहेरच्या भिंतीतले कपाट उघडले की कुबट वास येतो, ठेवणीतल्या साडीवर बुरशी दिसते, सातबाऱ्याचा कागद मऊ पडतो. आपल्या नांदेड-लातूरकडच्या जुन्या माळवदाच्या घरांना दगडमातीच्या जाड भिंती होत्या. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर अनेकांची घरे नवी झाली, भिंती पातळ झाल्या. पातळ भिंत पावसात लवकर गार पडते. स्वयंपाकाची वाफ, ओल्या कपड्यांचा दमटपणा त्या गार भिंतीला लागला की त्याचे पाणी होते.

आधी ओल कुठली ते ओळखा. कपाट रिकामे करून आतल्या भिंतीवर वीतभर प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवा. दोन दिवसांनी पाहा. कागदावर वरून दव असेल तर ओल हवेतली. कागदामागे असेल तर भिंतीतली.

हवेतली असेल तर दारांना खाली-वर भोके पाडा. कपडे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा, खच्चून भरू नका. उघडीप मिळताच दारे उघडी टाका.

भिंतीतली असेल तर न्हाणीचे पाणी, पन्हाळीची धार भिंतीपासून लांब काढा, बाहेरच्या भेगा बुजवा. नुसत्या रंगाने ओल झाकते, जात नाही.

आणि जमिनीचे कागद, रब्बीचे हरभऱ्याचे बियाणे पावसाळ्यात या कपाटात ठेवूच नका. आतल्या कोरड्या भिंतीकडे हलवा. साडी उन्हात वाळते, पण बियाण्याची गेलेली उगवण परत येत नाही.