ओळखीच्या दुकानात हिशेब शिकता येत नाही

मिरज-सांगली असो की कराड-सातारा, बी.कॉम. झालेल्या आपल्या मुलामुलींना मोहल्ल्यात एकच सल्ला मिळतो: लांब कशाला जातोस, आपल्याच माणसाकडे लाग. मी बारा वर्षं लेखापरीक्षणाच्या कामात आहे आणि हा सल्ला मला साफ अमान्य आहे.

त्यामागची भीती खोटी नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पुसेसावळीत जे घडलं, त्यानंतर कोणती आई मुलाला अनोळखी ऑफिसात निर्धास्त पाठवेल? आडनाव कळल्यावर मुलाखत आटोपती घेतल्याचा अनुभव मलाही आहे. पण भीती खरी असली म्हणून सल्ला बरोबर ठरत नाही.

ओळखीच्या दुकानात होतं काय? टॅलीत बिलं चढवायची, २० तारखेच्या आत जीएसटीचं विवरण जावं म्हणून कागद कर सल्लागाराकडे पोहोचवायचे, उरल्या वेळात गल्ल्यावर बसायचं. ताळेबंद कधी डोळ्यांना दिसत नाही. नेमणुकीचं पत्र मागितलं की "अरे, तू तर घरचाच आहेस." भविष्य निर्वाह निधीचा कायदा २० माणसांपासून लागतो, आणि दुकानात असतात चौघं. पाच वर्षांनी बाहेर पडायचं म्हटलं तर हातात अनुभवाचा कागद नाही. मुलींचं तर विचारूच नका. मी पाहिलेल्या दोन ठिकाणी पगार मुलीच्या खात्यात नव्हे, थेट तिच्या अब्बांच्या हातात जात होता.

दुकान लहान असतं हा माझा आक्षेप नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानाचा एखादा जुना दिवाणजी हळदीच्या एका पट्टीवरून अडत, हमाली, तोलाई असं काही समजावतो की कॉलेजच्या तीन वर्षांत ते कुणी शिकवलेलं नसतं. असा माणूस भेटला तर खुशाल राहा. पण त्याने खतावणी तुमच्या हातात दिली पाहिजे.

दुसरा अडसर व्याजाचा. पतसंस्था नको, बँक नको, कारण व्याज लिहिणाराही गुन्ह्यात सामील, असं मुलांना बजावलं जातं. तशी हदीस आहे, ती मी नाकारत नाही; मी मुफ्तीही नाही. ज्याचं मन खरोखर अडतं त्याने कुपवाड एमआयडीसीतला कारखाना शोधावा, मी त्याचा मान राखतो. राग येतो तो स्वतः घरकर्जाचे हप्ते भरत दुसऱ्याच्या पोराला ही हदीस ऐकवणाऱ्या चाचांचा. सूरह बकराची २८२ वी आयत, कुराणातली सर्वांत लांब, देण्याघेण्याच्या नोंदीबद्दल आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं आणि लिहायला नकार देऊ नये, असं तिथे सांगितलंय. ती मात्र या उपदेशात येत नाही.

आता आपल्याच भागातला हिशेब घ्या. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत एफआरपी द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. शेतकऱ्याचं हे व्याज न मांडणारा अकाउंटंट दीनदार ठरेल, की कारखान्याच्या सोयीचा? डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. विम्याचं संरक्षण पाच लाखांपर्यंतच. बँक बुडते तेव्हा ठेवीदाराचं आडनाव बघत नाही. अशा संस्थांची वह्या-पुस्तकं तपासणाऱ्यांत आपण नसावं, हे कुणाच्या हिताचं?

त्या टेबलापर्यंत जायला सीए व्हावंच लागतं असंही नाही. सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. पुढे अनुभवाची अट पुरी करून नामतालिकेवर नाव लागलं की सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण करता येतं. आपल्या शादीखान्यांतल्या करिअर मार्गदर्शनात मी हे नाव क्वचितच ऐकलं. तिथे सगळे थेट कलेक्टर होणार असतात!

पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी चालेल, पण रोजमेळापासून ताळेबंदापर्यंत सगळं हाताळायला मिळेल ती जागा घ्या. पतसंस्थेत मुलाखतीला गेलात तर तुम्हीही एक प्रश्न विचारा: मागच्या लेखापरीक्षणाचा दोषदुरुस्ती अहवाल दिला का? समोरचा चिडला, तर चहा संपवून निघा.