पन्नास हजारांच्या सोळा नोटा



बालीचे फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत. नुसा दुआच्या रिसॉर्टमध्ये नारळाच्या झाडाखाली आरामखुर्चीत पडलेली मी, शेजारी शहाळं, समोर समुद्र. "मजा आहे बाई तुझी!" असं कितीजणींनी लिहिलं. खरं सांगू? त्या खुर्चीत पडून मी दिवसभर वजाबाकी करत होते.

आम्ही भिशीच्या सहाजणी. दोन वर्षं महिन्याला पैसे बाजूला टाकले, तेव्हा ही सहल झाली. तिचा सामाईक बटवा माझ्याकडे. डॉलर इथूनच परवानाधारकाकडून पावती घेऊन नेले होते, तेही कोऱ्या नोटांत, कारण दुमडलेली किंवा पेनाची खूण असलेली नोट तिकडे बरेचदा नाकारतात. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं.

आदल्या दिवशी कुटाच्या बाजारात तीनशे डॉलर बदलायचे होते. मोठ्या रस्त्यावरच्या दुकानांत डॉलरला १५,९०० रुपियाचा भाव. बँक इंडोनेशियाचा परवाना असलेली ही दुकानं. काचेवर परवान्याचं चिन्ह असतं, छापील पावती मिळते. तेवढ्यात एका बोळात कपड्यांच्या दुकानामागे पाटी दिसली: १६,४००. दाराशी ताडाच्या पानांच्या द्रोणात फुलं, उदबत्ती. बालीत हा नैवेद्य रोज सकाळी घरोघरी, दुकानोदुकानी ठेवतात. मला वाटलं, देवभोळा माणूस दिसतोय.

हिशेबाने ४९ लाख २० हजार मिळायला हवे होते. ऐकूनच हसू येतं, नाही का? आमच्यातल्या अक्का तर म्हणाल्या, "लखपती झालो गं!" पन्नास हजारांच्या निळ्या नोटांचा गठ्ठा त्याने समोर मोजला. मीही मोजला. ९८ नोटा बरोबर, पण वरची वीस हजारांची हिरवी नोट नव्हती. त्याने हात जोडून माफी मागितली, गठ्ठा परत घेतला, टेबलावर आपटून सारखा केला, हिरवी नोट ठेवली आणि हातात दिला. मी पुन्हा मोजला नाही. एकदा मोजलेलंच होतं की!

रात्री खोलीत मोजले तर निळ्या नोटा ८२. सोळा कमी. म्हणजे आठ लाख रुपिया, आपले चार हजारांवर रुपये. तो माफी मागत असताना त्या टेबलामागे पडल्या असणार.

दुसरा दिवस आरामाचा ठरला होता. बाकीच्या पाण्यात पाय सोडून बसल्या. दुपारी रिसॉर्टमधल्या मुलीने न्येपीबद्दल सांगितलं. त्यांच्या नववर्षाचा तो मौनाचा दिवस: दिवा नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद, आणि पाहुण्यांनीही आवाराबाहेर पडायचं नाही. एरवी मी पौषधाशी तुलना करत तिला दहा प्रश्न विचारले असते. (सांबलमध्ये कोळंबीची पेस्ट असते, हेही तिनेच सांगितलं. तुम्ही जाल तेव्हा विचारूनच घ्या.) पण माझ्या डोक्यात एकच विचार: सांगायचं, की माझ्या पर्समधून गुपचूप भरायचं?

आधी मी मनातल्या मनात त्या माणसाला भरपूर बोलून घेतलं. पाठशाळेत अचौर्याचे पाच अतिचार पाठ केलेले; त्यातला हीनाधिकमानोन्मान, माप कमी देणं, त्याला अगदी चपखल बसला. पण त्याच यादीत विरुद्धराज्यातिक्रमही आहे. राज्याचा नियम डावलून स्वस्तात पदरात पाडून घेणं. तो कोणाचा? परवान्याचं चिन्ह दिसत नव्हतं, हे मी पाहिलं होतं. पावती नाही, हेही पाहिलं होतं. इतरांना परवडत नाही तो भाव याला कसा परवडतो, हा प्रश्न घरी भाजीवाल्याला मी नक्की विचारला असता. तिथे विचारला नाही, कारण उत्तर नको होतं. फायदा किती होणार होता? दीड लाख रुपिया. म्हणजे आठशेच्या आत रुपये, माणशी एकशे तीस.

परदेशात फसलं की आपण "तिकडचे लोक असेच" म्हणून मोकळ्या होतो. मला ते पटत नाही. त्याच बालीत मोठ्या रस्त्यावरचा दुकानदार सरळ भावाने पैसे देत उभा होता. मीच त्याला ओलांडून गेले. आणि पर्समधून गुपचूप भरणं मला पहिल्यांदा उदारपणा वाटलं होतं. तो उदारपणा नव्हता. माझी खजिनदारकी मला शाबूत हवी होती.

सूर्यास्ताआधी जेवायला बसलो तेव्हा सांगून टाकलं. क्षणभर कोणी बोललं नाही. एकजण स्पष्टच म्हणाली, "ताई, आम्हाला विचारायचं तरी." बरोबर होतं तिचं. अक्का म्हणाल्या, "पाटी मीच दाखवली होती." शेवटी तूट सहाजणींत वाटून घ्यायचं ठरलं, माझा हट्ट मोडून. उरलेले डॉलर सकाळी मोठ्या रस्त्यावर, कमी भावाने, पावती घेऊन बदलले.

आता पुढच्या वर्षी श्रीलंकेचं घाटतंय. मी बटवा परत केला होता, तो परत माझ्याकडेच आलाय. अट एवढीच की पैसे बदलायला दोघींनी जायचं, शेवटचं मोजणं आपलं, आणि त्यानंतर गठ्ठ्याला कोणाचा हात लागला तर पुन्हा पहिल्या नोटेपासून.