साक्षीदार की पक्षकार?

दूरचित्रवाणीने धंदेवाईक टेनिसचा उद्धार केला, हे विधान आता इतके रूढ झाले आहे की, त्यास पुरावा मागणेही कोणास सुचत नाही. उपकार आम्हांस मान्य आहेत. परंतु उपकारकर्त्याची उलटतपासणी घेऊच नये, असा न्याय कोणत्या स्मृतीत सांगितला आहे?

प्रथम उपकारच मोजू. पैसे घेऊन खेळणाऱ्यांस विम्बल्डनची दारे १९६७ पर्यंत बंद होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये बी.बी.सी.ने रंगीत प्रक्षेपणाच्या आरंभानिमित्त स्वतःचा पैसा घालून आठ धंदेवाईक खेळाडूंची स्पर्धा तेथल्याच सेंटर कोर्टावर भरविली. रॉड लेव्हरने केन रोजवॉलला हरविले, आणि पुढच्याच वर्षी विम्बल्डन सर्वांस खुले झाले. १९७२ साली डलास येथे याच दोघांत झालेला पाच सेटांचा सामना एन.बी.सी.वरून दोन कोटींहून अधिक अमेरिकनांनी पाहिला, असा अंदाज आहे. १९६७ मध्ये बी.बी.सी. निव्वळ साक्षीदार नव्हती. ती पक्षकार होती. पण तिने ते लपविले नाही, म्हणून तिच्याविरुद्ध आमची तक्रार नाही.

आता दुसरे प्रकरण पाहा. १९७५ ते १९७७ या काळात सी.बी.एस. या अमेरिकन कंपनीने जिमी कॉनर्सचे चार सामने दाखविले. प्रतिस्पर्धी होते लेव्हर, न्यूकम, ओरांटेस आणि नस्तासे. ‘जिंकणाऱ्यास सर्व काही, हरणाऱ्यास शून्य’ अशी त्यांची द्वाही फिरविण्यात आली. लेव्हरशी झालेल्या पहिल्याच सामन्यासाठी एक लाख डॉलरांची घोषणा होती. वस्तुस्थिती अशी की, हरणाऱ्यासही ठरीव रक्कम मिळणार होती. प्रकरण संघराज्याच्या दळणवळण आयोगापुढे गेले. प्रेक्षकांची दिशाभूल झाल्याचा ठपका आला आणि १९७८ मध्ये कंपनीच्या लॉस एंजेलिस येथील केंद्राचा परवाना नेहमीपेक्षा अल्प मुदतीने वाढवून देण्यात आला. शिक्षा एवढीच! ज्यांनी श्वास रोखून तो लटका जुगार पाहिला, त्यांच्या पदरी काय पडले?

तिसरे प्रकरण फसवणुकीचे नव्हे, हुकमतीचे आहे. अमेरिकन खुल्या स्पर्धेत सी.बी.एस.च्या सोयीसाठी पुरुषांचे दोन्ही उपांत्य सामने व त्यांच्यामध्ये महिलांचा अंतिम सामना एकाच शनिवारी खेळविण्यात येई. ८ सप्टेंबर १९८४ रोजी हा खेळ सकाळी अकरापासून रात्री अकरानंतरपर्यंत चालला. मार्टिना नवरातिलोवा आणि क्रिस एव्हर्ट यांना आपला अंतिम सामना किती वाजता सुरू होणार, याचीही निश्चिती नव्हती. आणि रात्री उशिरा कॉनर्सला पाच सेटांत हरविणाऱ्या मॅकेन्रोला दुसऱ्याच दिवशी अंतिम सामन्यास उभे राहावे लागले. २०१४ नंतर सी.बी.एस.चा संबंध सुटला, आणि २०१५ मध्ये पुरुषांचे उपांत्य सामने शुक्रवारी नेण्यात आले. वेळापत्रकाचा खरा कर्ता कोण होता, हे याहून स्पष्ट काय सांगावे?

प्रतिपक्ष म्हणेल, पैसा ज्याचा, शब्द त्याचा. आणि त्याच पैशावर खेळाडूंचे संसार उभे राहिले ना? आमचे उत्तर सरळ आहे. ज्याचा हितसंबंध गुंतला आहे, त्याची साक्ष न्यायालय फेकून देत नाही. ते ती पारखून घेते. परंतु हितसंबंध दडविल्याचे उघड झाले, की त्या साक्षीचे मोल उरत नाही. कंपनीने पैसा गुंतवावा, नफाही मिळवावा. मात्र समालोचकाच्या मुखाने आपण तटस्थ असल्याचा आव आणू नये.

ही जुनी कज्जेदलाली नव्हे. ३ मार्च २०२४ रोजी लास व्हेगास येथे नदाल व अल्काराझ यांचा प्रदर्शनीय सामना नेटफ्लिक्सने स्वतःच्याच नावाने भरविला आणि स्वतःच दाखविला. नाव उघड होते, एवढे त्याच्या बाजूने नोंदवितो. पण यजमान आणि वार्ताहर एकच झाला, म्हणजे सामना फिका पडला तरी तो फिका होता, असे प्रेक्षकांस कोण सांगणार?

म्हणून आमची मागणी माफक आहे. सामन्यात प्रक्षेपकाचा पैसा किती, खेळाडूंस हमी किती, वेळ कोणाच्या सांगण्यावरून ठरली, हे पहिली सर्व्हिस होण्यापूर्वी पडद्यावर सांगावे. प्रामाणिक पक्षकारास याची भीती वाटण्याचे कारण नाही.