मुक्या सोबत्यांचे ऋण

आमच्या गावात एक निवृत्त हवालदार आहेत. १९८७ ते १९९० या काळात भारतीय शांतिसेना श्रीलंकेत होती, तिच्यात ते होते. लहानपणी आम्ही मुले त्यांच्या ओसरीवर जमत असू. बंदुका, सुरुंग, जंगलातली गस्त असे काही थरारक ऐकायला मिळेल, ही आमची अपेक्षा. पण काकांचे बोलणे फिरून फिरून यायचे ते एका लंगड्या कुत्र्यावर. छावणीच्या तारेखालून तो आत आला आणि रात्रीच्या पहाऱ्यावर यांच्या पायाशी बसू लागला. "घरचं पत्र कधी याचे, कधी नाही. थो मात्र रोज याचे," काका सांगत. आणि मग थोडे थांबून म्हणत, "पलटन निघाली तवा तेले तिथंच सोडून आलो. तेले का सांगू, बदली झाली म्हून?"

तेव्हा आम्हाला या गोष्टीचा कंटाळा येई. आज वाटते, लढाईची खरी गोष्ट तीच होती.

परदेशी गेलेल्या शिपायाला शस्त्र मिळते, शिधा मिळतो, पगार घरी पोचतो. मिळत नाही ती जिव्हाळ्याची सोबत. बरोबरीच्या जवानाजवळ भीती बोलून दाखवायची लाज वाटते आणि साहेबाजवळ ती बोलता येत नाही. घरच्यांना तर कळूही द्यायची नसते. अशा वेळी जनावर उपयोगी पडते, कारण ते काही विचारत नाही. त्याला हुद्दा कळत नाही, जातपात कळत नाही. शिवाय दिवसभर दुसऱ्याचे हुकूम पाळणाऱ्या माणसावर कोणीतरी अवलंबून आहे, त्याची कोणीतरी वाट पाहते आहे, ही जाणीवच त्याला धीर देते. आपल्याकडचे बहुतेक जवान धानाच्या बांधावरून थेट भरतीला गेलेले. ज्याचे बालपण गोठ्यात गेले त्याला जनावराच्या अंगाचा वासही घरच्यासारखा वाटत असेल!

ही गोष्ट काही आजची नाही. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी शिपाई समुद्रापार गेले. त्यांच्याबरोबर दीड लाखाहून अधिक घोडे, खेचरे, उंट, बैल अशी जनावरेही गेली. १९१५ साली गॅलिपोलीच्या उभ्या कड्यांवर पाणी आणि दारूगोळा चढवला तो हिंदी खेचरांनी आणि त्यांना हाकणाऱ्या हिंदी माणसांनी. इटलीत १९४४ साली यशवंत घाडगे आणि १९४५ साली नामदेव जाधव या मराठा वीरांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे आपण अभिमानाने सांगतो. तिथल्या डोंगरवाटांनी खेचरे रात्रीअपरात्री शिधा वाहून नेत होती, हे मात्र सांगायचे राहून जाते.

यातला सर्वांत बोचरा प्रसंग कूतचा. इराकमधील या गावात डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ असे सुमारे पाच महिने सहावी पुणे डिव्हिजन तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे मारण्याचा हुकूम सुटला. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते मांस बराच काळ नाकारले. त्याचे कारण धर्म, असे कागदोपत्री नोंदले गेले. ते खरेही असेल. पण ज्याला काल आपल्या हाताने चारा घातला त्याला आज पानात कसे घ्यावे, हा प्रश्नही त्यांपैकी काहींच्या मनात आला असेल, असे मला वाटते.

आणि शेवट काय झाला? शरणागतीनंतर शिपायांना वाळवंटातून पायी चालवत नेण्यात आले. हजारो कैद्यांचे प्राण बंदिवासात गेले. सेनापती टाऊनशेंड कॉन्स्टॅन्टिनोपलजवळच्या एका बेटावर आरामात राहिले. त्यांचा स्पॉट नावाचा लाडका कुत्रा तुर्कांनी त्यांच्या विनंतीवरून इंग्रजांकडे सुखरूप परत पाठवला. स्पॉट वाचला याचे दुःख मुळीच नाही. प्रश्न एवढाच, की सोबत्याचा जीव वाचवणे हा फक्त सेनापतीचाच हक्क का?

दुसऱ्या महायुद्धातही तेच. डिसेंबर १९३९ मध्ये हिंदी खेचरांच्या तुकड्या फ्रान्सच्या मार्सेल बंदरात उतरल्या. जून १९४० पर्यंत माणसांपैकी बहुतेक इंग्लंडला पोचली. खेचरे मागेच राहिली. आपल्या स्वतंत्र भारतातही सेवेला निरुपयोगी ठरलेल्या लष्करी कुत्र्यांना इंजेक्शन देऊन मारण्याची पद्धत अगदी अलीकडेपर्यंत होती. २०१५ च्या सुमारास हे प्रकरण न्यायालयात गेले, मग धोरण बदलले. आता मेरठला अशा कुत्र्यांसाठी वृद्धाश्रम आहे आणि त्यांना दत्तकही घेता येते. उशिरा का होईना, शहाणपण आले.

कोणी म्हणेल, सैन्य शिस्तीवर चालते. छावणीत शिरलेले प्रत्येक कुत्रे विमानाने घरी आणायचे का? रोगराईचे काय? आक्षेप योग्य आहे. प्रत्येक कुत्रे आणता येणार नाही, हे मान्य. पण पलटण बदलताना तंबू, भांडी, काडतुसे यांची यादी करून ती पुढच्या तुकडीच्या स्वाधीन केली जाते. त्या यादीत पायाशी बसणाऱ्या कुत्र्यासाठी एक ओळ का नसावी? त्याला लस टोचलेली असावी आणि पुढे त्याला भाकरी कोण घालणार हे ठरलेले असावे, एवढे तर अशक्य नाही! दक्षिण सुदानात शांतिसेनेबरोबर गेलेल्या भारतीय पशुवैद्यकीय पथकाने तिथल्या लोकांच्या गुरांवर उपचार केले. परक्याच्या गाईसाठी जे जमते ते आपल्या सोबत्यासाठी जमू नये?

मित्रहो, हा विचार आपल्याला परका नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो, हळद-तूप लावतो, त्यांना जेवणाचे आमंत्रण देतो. वर्षभर ज्याच्या खांद्यावर जू ठेवले त्याचे ऋण एक दिवस तरी बोलून दाखवायचे, हा त्यामागचा अर्थ. ज्या जिल्ह्यात हे शिकवण्यासाठी पुस्तक लागत नाही, तिथल्या मुलांनी तरी सैनिकाच्या मुक्या सोबत्याला विसरू नये.

काका आता थकले आहेत. मागच्या पोळ्याला गेलो तेव्हा त्यांच्या गोठ्यात बैल नव्हते, नांगरणी ट्रॅक्टरने होते. तरी त्यांनी पुरणपोळीचा एक तुकडा बाजूला काढला आणि दाराबाहेरच्या कुत्र्यापुढे ठेवला. मी काही विचारले नाही आणि तेही काही बोलले नाहीत.