उरणचे पक्षी आणि छायाचित्रकारांची गुपिते

दोन दशकांपूर्वी मुंबईच्या पक्षी छायाचित्रकाराला उरण गाठायचे तर भाऊच्या धक्क्यावरून मोरा बंदराची लाँच पकडावी लागे, नाहीतर कंटेनरच्या रांगांतून वाट काढणाऱ्या एसटीत बसावे लागे. पाणजे, भेंडखळ, बेलपाडा ही नावे तेव्हा मोजक्या पक्षीमित्रांनाच ठाऊक होती. १२ जानेवारी २०२४ रोजी खारकोपर ते उरण लोकल मार्ग सुरू झाला, त्याच दिवशी शिवडी-न्हावाशेवा अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि हे अंतर एकदम आटले. जागा जवळ आली, तसा छायाचित्रकारांमधला एक जुना वाद नव्याने पेटला. आपल्या धंद्यातील अथवा छंदातील गुपिते दुसऱ्याला सांगावीत काय? भिंग उसने द्यावे काय? आणि मुख्य म्हणजे, पक्षी नेमका कुठे दिसला हे उघड करावे काय?

वरवर पाहता हा काही हौशी मंडळींचा घरगुती वाद वाटेल. उरणमध्ये मात्र त्याचे उत्तर काय दिले जाते, यावर काही पाणथळ जागांचे भवितव्यही थोड्याफार प्रमाणात अवलंबून आहे. म्हणूनच त्याची फोड करणे आवश्यक ठरते.

वाटण्यातूनच वाढलेली कला

छायाचित्रणाच्या इतिहासाचा आरंभच एका गुपिताच्या जाहीर उद्घाटनाने झाला. लुई दागेर याने विकसित केलेली प्रक्रिया फ्रान्सच्या सरकारने त्याच्याकडून घेतली. मोबदल्यात त्याला वार्षिक ६ हजार फ्रँकचे आणि त्याचा दिवंगत सहकारी निएप्स याच्या मुलाला ४ हजार फ्रँकचे निवृत्तिवेतन देण्यात आले. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये ही कृती सर्वांसाठी खुली करण्यात आली. आज १९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन म्हणून साजरा होतो, तो याच घटनेमुळे. गमतीचा भाग असा की, त्याच्या अवघे पाच दिवस आधी इंग्लंडमध्ये याच प्रक्रियेचे पेटंट घेऊन ठेवण्यात आले होते. उदारता आणि व्यवहार यांची ओढाताण या कलेच्या जन्मापासूनच तिच्या सोबत आहे, ती अशी.

मुंबईही या बाबतीत मागे नव्हती. १८५४ साली येथे फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी एक. या संस्थेने स्वतःचे नियतकालिक काढले. युरोपातील पुस्तकांत दिलेली रसायनांची कृती इथल्या उष्ण आणि दमट हवेत जशीच्या तशी लागू पडत नाही, हा अनुभव एकमेकांना सांगितल्यावाचून कोणाचेच काम पुढे सरकणारे नव्हते.

डार्करूमच्या काळात विकासक द्रावणाचे प्रमाण, कागदाची निवड, छपाईचा हातखंडा या गोष्टी खरोखरच झाकून ठेवण्यासारख्या होत्या. डिजिटल कॅमेऱ्याने त्यांतील बहुतेक गुपिते निकालात काढली. शटरचा वेग, छिद्राचा आकार, आयएसओ या नोंदी आता प्रत्येक फाइलच्या पोटातच असतात. कायद्याच्या दृष्टीनेही तंत्र ही कोणाची मालमत्ता नव्हे. १९५७ चा कॉपीराइट कायदा छायाचित्राला संरक्षण देतो, ते टिपण्याच्या पद्धतीला देत नाही. त्यामुळे उडत्या पक्ष्यावर फोकस कसा धरावा, पांढऱ्या बगळ्याचा पांढरा रंग जळू न देता प्रकाश कसा मोजावा, हे नवख्याला न सांगण्यात फारसे शहाणपण उरलेले नाही. सांगितल्याने सांगणाऱ्याचे काही कमी होत नाही.

साधनांचे गणित थोडे निराळे आहे. ६०० मिलिमीटरच्या व्यावसायिक भिंगाची किंमत आज दहा लाख रुपयांच्या वर जाते. त्यात खाडीकाठची खारी, ओलसर हवा. भिंगाला बुरशी लागायला एक पावसाळा पुरेसा होतो. अशी वस्तू कोणाच्याही हाती देण्यास मालक कचरला, तर त्याला कंजूष म्हणता येणार नाही. तरीही दुर्बीण, तिपाई, जुना कॅमेरा, मधल्या पल्ल्याचे भिंग या वस्तू अनेकांच्या कपाटात वर्षानुवर्षे पडून असतात. त्या कोणाला द्यायच्या, हा विचार पुढे येईलच.

जागा लपवण्यामागचे कारण

तंत्र सांगावे, साधने जपून का होईना वाटावीत, इथपर्यंत फारसा मतभेद होऊ नये. खरी अडचण जागेपाशी येते. वन्यजीव छायाचित्रणात जागा हेच सर्वांत मौल्यवान गुपित असते आणि ते राखण्याची कारणे दोन असतात. पहिले साधे आहे: आपल्याला मिळालेले छायाचित्र दुसऱ्याला मिळू नये. या कारणाची फार दखल घेण्याची गरज नाही. दुसरे कारण मात्र गंभीर आहे.

टिटवी, चिखल्या यांसारखे पक्षी उघड्या जमिनीवर, मिठागरांच्या बांधांवर अंडी घालतात. एक छायाचित्रकार आला आणि पाच मिनिटांत गेला तर पक्षी परत येऊन बसतो. दिवसभरात वीस जण आले तर अंडी उन्हात तापत राहतात आणि कावळे, घारी, भटकी कुत्री यांचे फावते. घरट्यासमोरच्या फांद्या तोडणे, ध्वनिमुद्रित हाक वाजवून पक्ष्याला समोर आणणे हे प्रकार गर्दीबरोबर येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करण्याचा समावेश केला आहे, याची जाणीव कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणाऱ्या कितीजणांना असते?

अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी लागते, तेथे वनरक्षक असतो. उरणच्या पाणथळ जागा अभयारण्य नाहीत. तेथे पक्ष्याला संरक्षण असते ते केवळ अपरिचयाचे. म्हणूनच ई-बर्ड या जागतिक नोंदप्रणालीनेही २०१७ पासून संवेदनशील प्रजातींची नेमकी ठिकाणे सर्वांना दिसू न देण्याची सोय केली. माहिती नोंदली जाते, अभ्यासकांच्या उपयोगी पडते, पण नकाशावर तिचा बाण घरट्यावर रोखलेला नसतो. नोंद करणे आणि जाहिरात करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्व यातून घेता येते.

मौनाची किंमत

येथवरचा युक्तिवाद कोणत्याही जंगलाला लागू पडेल. उरणमध्ये त्याला एक वेगळा पदर आहे. येथे पक्ष्याचा मोठा शत्रू कॅमेऱ्यापेक्षा भराव आहे.

१९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि उरण तालुक्यातील खाजणे, मिठागरे, भातखाचरे यांची जागा गोदामे, रस्ते आणि कंटेनरतळांनी घ्यायला सुरुवात केली. उरलेल्या पाणथळ जागांचे महत्त्व भरतीच्या वेळी कळते. ठाणे खाडीचे चिखलपट्टे भरतीच्या पाण्याखाली गेले की रोहित आणि इतर पाणपक्ष्यांना टेकायला उथळ जागा लागते. ती नवी मुंबई आणि उरणच्या या पाणथळ जागा पुरवतात. ठाणे खाडी २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ मध्ये तिला रामसर दर्जा मिळाला. तिच्या व्यवस्थापनाचा विचार करताना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पाणजे, बेलपाडा आणि भेंडखळ या उरणमधील जागाही उपग्रह पाणथळी म्हणून जपण्याची शिफारस केली. ज्या घरात पाहुणा दिवसाचे काही तासच बसू शकतो, त्या घराला बाकीच्या वेळेसाठी ओसरी लागतेच.

अशा जागेवर वाद उद्भवतो तेव्हा पहिला प्रश्न असतो, ही पाणथळ आहे की नाही? पाणजेबाबत नेमके हेच घडले. भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग अडवल्याच्या तक्रारी २०२० नंतर पर्यावरणप्रेमी संस्थांनी वारंवार केल्या. सिडकोची भूमिका अशी की, ही जागा द्रोणागिरी नोडच्या नियोजनात विकासासाठी दाखवलेली असून ती पाणथळ नव्हे. पाणी अडवले की जमीन कोरडी पडते, कोरड्या जमिनीवर पक्षी येत नाहीत, आणि मग पाहणीला आलेल्या अधिकाऱ्याला समोर केवळ माळरान दिसते. त्या माळरानावर कालपर्यंत काय होते, हे सांगणार कोण?

ते सांगू शकतील असे लोक आहेत आणि त्यांच्याकडे पुरावाही आहे. तो त्यांच्या हार्ड डिस्कमध्ये पडून आहे. कित्येक हिवाळ्यांची छायाचित्रे, प्रत्येकीत तारीख, वेळ आणि कधीकधी अक्षांश-रेखांश. यातील बरीचशी समाजमाध्यमांवर झळकली ती ‘नवी मुंबईजवळ’ किंवा ‘रायगड किनारा’ एवढ्याच पत्त्यानिशी, कारण जागा सांगायची नाही असा दंडक. माध्यमांवर टाकताना फाइलमधील तांत्रिक तपशीलही बहुधा गळून पडतो. परिणामी छायाचित्राची वाहवा होते, पण ज्या पाण्यात तो पक्षी उभा होता त्या पाण्याच्या बाजूने ते साक्ष देऊ शकत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली पाणथळ जागांविषयीच्या तक्रारींसाठी समिती नेमली गेली. खारफुटीचा नाश हे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचे उल्लंघन असल्याचे याच न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले. म्हणजे दाद मागण्याची दारे आहेत. त्या दारांतून आत जायला मात्र नोंद लागते. प्रकरण न्यायालयात गेले तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात फाइलच्या हॅश मूल्याची नोंद करावी लागते. रंग सुधारून, कडा कापून ठेवलेल्या प्रतीपेक्षा कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाइल येथे कितीतरी मोलाची. ती जपून ठेवणे आणि योग्य वेळी अभ्यासक, संस्था वा समितीच्या हाती देणे म्हणजे छायाचित्रावरील हक्क सोडणे नव्हे. कॉपीराइट छायाचित्रकाराकडेच राहतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. जागेचे नाव गाजले की गर्दी होते, गर्दीने पक्षी उठतात, मग पुरावा गोळा करायचा कशासाठी? त्याचे उत्तर काळाच्या हिशेबात आहे. गर्दीने विचलित झालेला थवा दुसऱ्या दिवशी परत येऊ शकतो. भराव पडलेले पाणी परत येत नाही. शिवाय पाणथळीचे नाव सांगण्यासाठी घरट्याचा बांध दाखवण्याची गरज नसते. पाणजेत रोहित उतरतात हे सांगितल्याने रोहितांचे बिघडत नाही. चिखल्याची अंडी कितव्या बांधावर आहेत हे सांगितल्याने मात्र बिघडते.

ज्यांचे गुपित आधी घेतले

या चर्चेत एक पक्ष नेहमी अनुपस्थित असतो. भरती किती वाजता कोणत्या उघाडीतून आत शिरते, कोणत्या महिन्यात कोणत्या खाजणात पाणी राहते, थवा कुठून उठून कुठे बसतो, हे उरणच्या आगरी-कोळी गावांतील माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. शहरातून येणारा छायाचित्रकार जागेचे जे गुपित ‘आपले’ म्हणून राखतो, ते बहुधा त्याला कोणा मासेमाराने, मिठागरातल्या कामगाराने किंवा बांधावर भेटलेल्या मुलानेच सांगितलेले असते. छायाचित्राखाली त्याचे नाव सहसा येत नाही.

या गावांनी बंदरासाठी आणि नव्या शहरासाठी जमिनी दिल्या. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात येथील पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. आपल्या जमिनीबद्दल बाहेरच्यांनी ठरवायचे, हा अनुभव त्यांना नवा नाही. त्यामुळे पक्ष्यांसाठी आलेला कॅमेरा त्यांना परका वाटला तर नवल नाही. पाणी अडवले गेल्यावर मात्र पक्ष्यांइतकाच खाजणातील मासेमारीलाही फटका बसतो. दोघांचे हित येथे एकच आहे.

कपाटात पडून असलेला जुना कॅमेरा आणि दुर्बीण कोणाला द्यावी, याचे उत्तर येथे मिळते. जो रोज त्या बांधावरून जातो, त्याच्या हाती ते साधन सर्वाधिक कामाचे ठरते. शहरातला माणूस रविवारी येतो, भरावाचा डंपर कोणत्याही रात्री येतो. गावातील दोन-चार तरुणांना तारीख-वेळ अचूक लावलेला कॅमेरा, मूळ फाइल कशी ठेवावी याचे शिक्षण आणि तक्रार कुठे करावी याची माहिती मिळाली, तर ती देवघेव समतोल होईल.

छायाचित्रकारांनी काय वाटावे याचा निवाडा त्यामुळे सरसकट ‘हो’ किंवा ‘नाही’ असा करता येत नाही. तंत्र सर्वांना मोकळे असावे. साधने विश्वासाने आणि शक्यतो गावाकडे जावीत. घरट्याची जागा कोणालाही सांगू नये, अगदी जवळच्या मित्रालाही. पाणथळीचे नाव, तारीख आणि मूळ फाइल मात्र दडवून ठेवू नये. ती नोंदप्रणालीत, संस्थेकडे, समितीपुढे जायलाच हवी. उद्या द्रोणागिरीच्या पायथ्याशी एखाद्या इमारतीखाली पाणजेचे पाणी गाडले गेले, तर हार्ड डिस्कमधील रोहितांचे थवे तसेच सुंदर राहतील, पण ते कुठे उतरले होते हे सांगून तेव्हा कोणाचाच उपयोग होणार नाही.