एक काम पक्कं, दोन कामं ओळखीची

आयटीआयचं सर्टिफिकेट हातात आलं की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमधल्या पोरापोरींना दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "सगळं शिकून घे, उपाशी राहणार नाहीस." दुसरा म्हणतो, "एकच धर, त्यात मास्टर हो." ऐकायचं कुणाचं?

आधी काम बघा. समजा, बदलापूर एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत पंप बंद पडला. ओव्हरलोड रिले ट्रिप झालाय. सर्व्हिसवाला इलेक्ट्रिशियन येतो, रीसेट करतो, निघतो. तासाभरात पुन्हा ट्रिप! कारण बेअरिंग जाम होतंय आणि मोटर जास्त करंट ओढतेय. बेअरिंग म्हणजे फिटरचं काम, आणि फिटर अंबरनाथला दुसऱ्या साइटवर. दिवस वाया. इलेक्ट्रिशियनला बेअरिंगचा आवाज ओळखता आला असता, तर फिटरला सकाळीच फोन गेला असता.

म्हणून सगळ्यांनी सगळंच करायचं का? मुळीच नाही. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड दोन वर्षांचा असतो, तो उगाच नाही. मोटर वाइंडिंग किंवा पीएलसी आठ दिवसांत येत नाही, आणि सराव सुटला की आलेलंही विसरतं. बॉयलर चालवायला तर प्रमाणपत्रच लागतं. तिथे 'बघतो करून' चालत नाही; जिवावर बेततं. एक ना धड, भाराभर चिंध्या!

उलट उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या छोट्या युनिटला शिलाई मशीन, मोटर आणि स्टीम प्रेस तिन्ही सांभाळणारा एकच माणूस परवडतो. तिथे हरहुन्नरी हातालाच मागणी.

आमचं मत सरळ आहे. एक ट्रेड पक्का करा. शेजारचे दोन, बिघाड ओळखण्यापुरते शिका. मालकांनीही तीन महिन्यांचं कॉल रजिस्टर उघडावं. एकाच बिघाडासाठी दोनदा माणूस कुठे पाठवावा लागला, ते मोजावं. जोडकाम शिकवायचं ते तिथलं. क्वचित येणारी पण धोक्याची कामं जाणकाराकडेच ठेवावीत.

आणि मुलाखतीत कुणी 'मल्टिस्किल' म्हणालं, तर न लाजता तीन गोष्टी विचारा. ट्रेनिंग कोण देणार? पगार किती वाढणार? न येणाऱ्या कामाला 'नाही' म्हणता येईल का? उत्तरं गुळमुळीत आली, तर समजून जा: तिघांचं काम एकाच्या पगारात करून घ्यायचा बेत आहे.